झाकणावरचे साडेतीनशे घोडे

बाबा, परवा एका जुन्या गाडीचं बॉनेट कुणीतरी उघडलं आणि आत तेच गोल झाकण दिसलं, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मला मुद्दाम आठवावा लागतो. त्या झाकणापाशी मात्र तो न बोलावता आला, आणि तोही रागावलेला. तुम्ही रागावलात की आवाज चढवायचा नाहीत, उलट खाली आणायचात, आणि मी आणि आई दोघी कान टवकारून बसायचो.

सौदीतल्या खोबरच्या त्या गॅरेजात तुम्ही दिवसभर पिकअप आणि पाण्याचे टँकर दुरुस्त करायचात, आणि मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा होता त्या गॅरेजमालकाची, अमेरिकन गाडी उभी असायची. तेलकंपनीतल्या कुणा गोऱ्याने ती तरुणपणी हौसेने आणली होती आणि जाताना तिथेच टाकून गेला होता. कफीलने ती उचलली, पण तिच्यात जीव घातलात तुम्ही. कितीतरी शुक्रवार तुम्ही त्या इंजिनावर घालवलेत. बाकीचे लोक समुद्रावर जायचे, आणि आई म्हणायची की मला सवत आहे आणि ती आठ सिलिंडरची आहे. एअर क्लीनरच्या गोल झाकणावर कारखान्याचा स्टिकर होता, साडेतीनशे हॉर्सपॉवर. कफील आल्यागेल्याला तो आकडा बोट ठेवून दाखवायचा आणि तुम्ही मागे उभे राहून मिशीत हसायचात.

का हसता, म्हणून मी एकदा विचारलं. आपण स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आहोत, आई भाकरी थापते आहे, तुमच्या नखांतलं काळं साबणपावडरीने घासूनही गेलेलं नाही. तुम्ही सांगता की हे आकडे म्हणजे सगळे कागदी घोडे. कारखान्यात इंजिन एकटंच चाचणीच्या बाकावर चढवतात. त्याला पंखा नाही, अल्टरनेटर नाही, एसीचा पंप नाही, सायलेन्सरसुद्धा नाही. अशा मोकळ्या इंजिनाची ताकद मोजायची आणि तीच झाकणावर छापायची. मग ते गाडीत बसलं की पंखा आपला वाटा खाणार, गिअरबॉक्स खाणार, मागचा एक्सल खाणार, आणि उरेल ते चाकाला. मला नीटसं कळलेलं नाही हे पाहून तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईला बघायला गेलो होतो तेव्हा मी जेवढा शहाणा होतो ना, तेवढं इंजिन कारखान्यात असतं." आईने भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाली, "संसाराला लागल्यावर किती उरलं ते मला विचार." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला.

पण हे तुमच्यासाठी नुसतं हसण्यावारी नव्हतं. शाळेत मी एकदा ऐटीत सांगितलं होतं की माझे बाबा इंजिनिअर आहेत. वर्गात सगळ्यांचेच बाप इंजिनिअर होते, मग माझेच का नसावेत? ते शेजारच्या केरळी काकूंकडून तुमच्या कानावर आलं. तुम्ही मला समोर बसवलंत आणि आवाज खाली आणून म्हणालात, "चाकाला पोचेल तेवढंच बोलावं." दुसऱ्या दिवशी मी बाईंपुढे उभी राहिले आणि मेकॅनिक हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. तुमचा तेव्हा फार राग आला होता. गिऱ्हाईकालाही तुम्ही असंच तोंडावर सांगायचात, की ही गाडी घेऊ नको, हिचं इंजिन थकलंय. कफील कपाळावर हात मारायचा, पण दूरदूरची माणसं तुमच्याचकडे यायची तीही त्याचमुळे.

मग तो हिवाळा आला. इराकने कुवेत गिळून काही महिने झाले होते, आणि रणगाडे लादलेले ट्रेलर आपल्या रस्त्यावरून उत्तरेकडे जात होते. वर्गातली बाकं एकेक करून रिकामी होत होती. आईने खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्या आणि हवेत गॅस सोडला तर ओला टॉवेल तोंडाला कसा धरायचा, ते मला शिकवलं. मला आणि आईला गावी पाठवायचं तुमचं ठरलं, पण पासपोर्ट कफीलकडे. तो वाईट माणूस नव्हता, ईदला मला फ्रॉक आणायचा. त्याने आम्हा दोघींच्या पासपोर्टवर देश सोडण्याचा शिक्काही आणून ठेवला होता. फक्त आधी ती गाडी विकून हवी होती, कारण त्यालाही बायकापोरं घेऊन जेद्दाला निघायचं होतं. त्याला वाटत असावं की पासपोर्ट हातात पडले की तुम्ही आमच्या जाण्याच्याच मागे लागाल आणि गाडी रॉकेटखाली शेडमध्ये राहील.

गिऱ्हाईक मिळालं ते दहरानच्या तेलकंपनीच्या कॉलनीतलं, पन्नाशीतला एक अमेरिकन. तोही मायदेशी चालला होता आणि तरुणपणी न परवडलेली गाडी आता जहाजाने घरी न्यायची त्याची इच्छा होती. तुमचं इंग्रजी पार्टच्या नावांपुरतं, कफीलचं त्याहून कमी, म्हणून शुक्रवारी तुम्ही मला गॅरेजात नेलंत. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. ऊन आहे, गॅरेज बंद आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बॉनेट उघडलेलं आहे आणि तो माणूस त्या स्टिकरवरून अंगठा फिरवतो आहे. मग त्याने कफीलकडे न पाहता तुमच्या हातांकडे पाहिलं आणि मला म्हणाला की विकणारे काहीही सांगतात, ज्याने हे इंजिन बांधलंय त्याला विचार, इथे लिहिलंय तेवढी ताकद ते खरंच देतं का. त्याने हो म्हटलं तर मी घेतो.

मी ते तुम्हाला मराठीत सांगितलं. कफील त्याच्या मागेच उभा होता. पांढऱ्या पायघोळ थोबच्या छातीवरच्या खिशात आमचे दोन पासपोर्ट होते, आणि पातळ कापडातून त्यांचा निळा रंग दिसत होता. मला दिसत होता म्हणजे तुम्हालाही दिसतच होता. तुम्ही चिंधीला हात पुसायला लागलात आणि पुसतच राहिलात. मग म्हणालात, "सांग त्यांना, लिहिलंय तेवढी आहे."

मी तुमच्याकडे बघत राहिले. स्वयंपाकघरातलं सगळं मला पाठ होतं, पंखा, गिअरबॉक्स, एक्सल. तुम्ही माझी नजर टाळली नाहीत. आवाज आणखी खाली आणून म्हणालात, "सांग बाळ."

मी सांगितलं. त्याने तुमचा हात हातात घेऊन हलवला, आणि तुम्ही तो असा काढून घेतलात जसा गरम सायलेन्सरवरून काढतात. कफील खूश होऊन यल्ला, खलास, चला, झालं, म्हणत राहिला आणि पासपोर्ट त्याने माझ्याच हातात दिले. घरी आईने आनंदाने खीर केली, ती तुम्ही खाल्ली नाहीत. त्या आठवड्यात आम्ही बसने रियाधला गेलो आणि तिथून विमानाने मुंबईला. बसच्या काचेतून तुम्ही हात हलवताना दिसलात, तेव्हा मला युद्धाची भीती वाटली नाही. तुम्हाला मी खोटं बोलायला लावलं असं वाटत राहिलं, आणि तुम्ही आता एकटे, त्या खोट्याबरोबर मागे राहणार, याचं फार वाईट वाटलं. पुढे महिनाभर आई वाण्याच्या दुकानातल्या फोनपाशी बसून असायची. तुमच्या रस्त्यापलीकडे रॉकेटचे तुकडे पडले आणि शेडचा पत्रा फाटला, हे तुम्ही आम्हाला सगळं संपल्यावरच सांगितलंत.

त्यानंतर त्या शुक्रवारचा विषय आपल्या घरात निघाला नाही. तुम्ही परत आलात, माणगावला हायवेवर गॅरेज टाकलंत आणि गिऱ्हाइकांना पूर्वीपेक्षाही कडू सत्य सांगत राहिलात. शेवटच्या आजारात मात्र, मी पाय चेपत असताना, तुम्ही अचानक विचारलंत, "त्या गोऱ्याची फसगत झाली असेल का गं?" मी नाही म्हणाले. तुम्हाला ते पटलं नाही. मलाही तेव्हा पटलेलं नव्हतं.

आता परवाचं सांगते. मी भाषांतराची कामं करते, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याची सुरुवात कुठे झाली तेही. पुण्यात जुन्या गाड्या नव्या करणाऱ्या एका कारखान्याचं काम आलं, आणि तिथे तीच गाडी होती, त्याच सालची, तेच इंजिन. चाकं लोखंडी रोलरवर ठेवून ते तिची ताकद मोजत होते. मी कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकांना विचारलं की हा आकडा चाकाचा का. ते म्हणाले, चाकाचाच. पडद्यावर जो आकडा आला तो झाकणावरच्या आकड्याला जवळजवळ भिडला. असं कसं, माझे वडील तर सांगायचे की मध्ये एवढं खाल्लं जातं, असं मी म्हणाले, तेव्हा ते हसले. तुमचे वडील बरोबर सांगत होते, म्हणाले, बहुतेक आकडे फुगवलेलेच असायचे. पण काही दांडग्या इंजिनांचा आकडा कारखान्यानेच मुद्दाम कमी छापला होता, कारण खरा छापला असता तर विमावाल्यांनी तरुण पोरांना ती गाडी घेऊच दिली नसती. हे त्यातलंच एक.

म्हणजे बाबा, तुम्ही खोटं बोलला नव्हतात. तुम्ही ते इंजिन ज्या हातांनी बांधलं होतंत, त्या हातांनी ते तेवढी ताकद देतच असणार. त्या माणसाची फसगत झाली नाही. हे मला तुम्हाला पाय चेपताना सांगता आलं असतं तर तुमचे शेवटचे दिवस हलके गेले असते, आणि ते सांगायला मी कुठूनही धावत आले असते.

पण तुम्ही नाही आहात, म्हणून हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि म्हणून एक कबूल करते. पडद्यावर तो आकडा आला तेव्हा मला आनंद झाला नाही. उलट काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटलं. जन्मभर चाकाला पोचेल तेवढंच बोललेला माणूस एकदाच खोटं बोलला आणि ते माझ्यासाठी, एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली आहेत. ते मला खोटंच हवं आहे, बाबा.