खुंटीवरची टोपी

आईला अल्माटीहून ओराझचा सलाम.

गुडघ्याची सूज उतरली. काल गोलही मारला. आपल्या तेजेनला खेळायचो तेव्हा गोलनंतर बाबांसाठी टोपी सावरल्याची खूण करायचो, तसाच हात डोक्याकडे गेला.

दीड महिना तू फोनवर म्हणतेस, "ते मेंढ्यांमागे वाळवंटात गेलेत, तू खेळाकडे बघ." पण परवा धाडलेल्या फोटोत तुझ्यामागे खुंटीवर त्यांची लोकरी टोपी दिसली. तिच्याशिवाय ते अंगणातही पाऊल टाकायचे नाहीत.

हंगाम संपेपर्यंत पोराला कळवू नका, असं तेच म्हणाले असतील. माझ्या जागी खांदा कुणी दिला, एवढं आयनाताईला लिहायला सांग. तू जेवतेस ना?

फोनवर मी त्यांची चौकशी करत राहीन. तू मेंढ्यांचंच सांग. तू रडलीस तर मला धावता यायचं नाही.

तुझा,
ओराझ