तुमचा गुळाचा नवस

आत्याबाई, माझ्या थोरल्याच्या पोरीसाठी तुम्ही देवीला गुळाचा नवस बोलला होता, त्याचं काय झालं ते आज सांगते. सांगायला लय उशीर झाला, पण तुम्ही तरी कुठं ऐकायला थांबला होता. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. धाकटी सून लिहून घेते आहे. मधेमधे ती माझी वाक्यं सरळ करते. करू दे. मला सरळ करता करता तुम्ही सासू असून दमला, तिला कुठलं जमायला.

तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही चुलीपुढं पाय लांब करून बसला होता, पायाला पट्टी, पुढ्यात सुपात लसूण. थोरल्याचा सिंगापूरहून फोन आला तो शेजारच्या घरात, आणि मी निरोप घेऊन धावत आले. पोरगी झाली, पण दिवस भरायच्या आत झाली, काचेच्या पेटीत ठेवलीय. तुम्ही लसूण बाजूला सारला, देवळाच्या अंगाला तोंड केलं आणि म्हणाला, "पोरगी जगू दे आई, तिच्या भारोभार गूळ तुझ्या दारात वाटीन." थोरल्यालाही तुम्ही तसंच तोलला होता, तो रांगता होता तेव्हा. त्याला पारड्यात बसवलं आणि पदराआडून त्याच्या मांडीवर नारळ सरकवला. मी बघितलं तर डोळा मिचकावून म्हणाला, लेकरू जड भरलेलं देवीला बरं वाटतं.

मी आले कवठे महांकाळच्या कोरड्या रानातनं. माहेरी भाकरी मोडून वाटून खायची, आणि उरली तर दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करायची. तुमच्या घरात पहिल्याच दिवशी तुम्ही मला न विचारता ताटात दुसरी भाकरी टाकली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं, की गाल भरलेलं पोर म्हणजे देवाची कृपा. पुढं तुम्हाला साखरेच्या आजारानं धरलं. सांगलीच्या डॉक्टरनं गूळ बंद केला आणि तुम्ही तो उशाखाली ठेवायला लागला. मी धरलं तर उलट मलाच, "गुळानं कुणी मरतं व्हय गं?" पायाची जखम वर सरकत गेली. जाताना तेवढंच बोलला, नवस राहिलाय, बघ.

तो मी बघितला तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, पोरगी चौथीला होती तेव्हा. तिला मार्गशीर्षात लांब सुट्टी पडली, थोरला तिला घेऊन आला. आपलं गुऱ्हाळ तेव्हा जोरात चाललं होतं. पोरगी गाडीतून उतरली आणि माझा जीव सुपाएवढा झाला. काचेच्या पेटीतली ती, आणि आता गाल असे की चिमटा काढावा. काढला पण. तिनं तोंड फिरवलं.

थोरल्यानं पहिल्याच जेवणाला सांगितलं, आई, हिला आग्रह करू नको. म्हणाला, तिथं सरकारचं सगळ्यांच्या खाण्यावर लक्ष असतं. शाळेच्या भिंतीवर चित्र लावलेलं असतं, भात किती, भाजी किती, तळलेलं किती. गोड सरबतं शाळेत विकायची नाहीत. शाळेत पोरांचं वजन करतात, आणि ज्यांचं जास्त भरतं त्यांना मधल्या सुट्टीत पळायला लावतात. आपली पोरगी त्या पळणाऱ्यांत. मी म्हटलं, आमच्या सरकारनं आमचं वजन कधी केलं नाही बाबा, रेशनच्या साखरेचं केलं तेवढं, आणि तेही कमीच भरलं. तशी आपल्या अंगणवाडीतली बाई काट्याला पोरं टांगते, पण ती बारकी पोरं हुडकायला. तिथं जाडी हुडकतात. मला हसू आलं. मग तुमचा पाय आठवला आणि हसू आवरलं. त्यांचं अगदीच काही चुकत नव्हतं.

शुक्रवारी नवस फेडायचा ठरला. जेवता जेवता धाकटा म्हणाला, "देवळातली तागडी न्हाई पुरायची. गुऱ्हाळावरचा मोठा काटा आणतो. पुतणी चांगली भरलीय माझी." सगळे हसले, मीही हसले. आत्याबाई, त्यात नुसतं कौतुक होतं. तो स्वतःच्या म्हशीबद्दलसुद्धा इतक्या मायेनं बोलत नाही. पोरीनं बापाला इंग्रजीत काहीतरी विचारलं. बाप घास चावत दोन शब्दांत काय ते बोलला. तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. मला वाटलं, पोट भरलं.

तिथनं पुढं तिनं खाणं सोडलं. मी ताट वाढते, ती मान खाली घालून बसते, आणि मी पाठ फिरवली की भाकरी म्हशीपुढं जाते. दूध मांजराला. ताज्या काकवीची वाटी पुढं केली, आख्खा गाव ज्यासाठी गुऱ्हाळावर घुटमळतो ती काकवी, तर तिनं वाटी बोटानं लांब ढकलली. भर उन्हात बघते तर ही चिपाडाच्या ढिगाला फेऱ्या घालून पळते आहे. मी चिडवलं, बैलं गेली नि इंजिन आलं, आता तुला जुंपलीय का गं चरकाला? ती हसली नाही, थांबलीही नाही. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी तुमच्यासारखं करून बघितलं, न विचारता ताटात टाकलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि डोळ्यांतनं पाणी. थोरला म्हणाला, पाणी बदललंय, हवा बदललीय, होईल नीट. गाल रोज उतरत होते आणि घरातली माणसं देवळापुढं मांडव घालण्यात गुंतली होती. गुरुवारी तिचे ओठ सुकलेले दिसले. म्हटलं, पाणी तरी पी. तर म्हणते कशी, "पाण्याचंपण वजन असतं आजी."

मला तेव्हाही कळलं नाही. आमच्याकडं वजन वाढावं म्हणून माणसं मांडीवर नारळ ठेवतात, ते कमी व्हावं म्हणून कुणी तहानलेलं राहील हे माझ्या डोक्यात यायचं कुठनं?

शुक्रवारी देवळापुढं सगळी आळी जमली. तुळईला काटा टांगलेला, एका पारड्यात धाकट्यानं ढेपा रचलेल्या. हलगी वाजते आहे. बायांनी पोरीला परकर-पोलकं घातलं होतं, परकर कमरेवरनं घसरत होता, तो मी गाठ मारून बसवला. गुरवानं रिकाम्या पारड्याला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाला, या बाळ. पोरगी पुढं गेली. पारड्याच्या साखळीला हात लावला, आणि मागं वळून माझ्याकडं आली. तिचा हात बर्फासारखा.

"आजी, आकडा मोठ्यानं वाचणार का?"

म्हटलं, कसला आकडा?

"माझा. शाळेत बाई वाचतात. मग सगळे हसतात."

आत्याबाई, मी वर बघितलं. समोर सगळी आपली माणसं, सगळी हसरी तोंडं. मी तिला म्हटलं, इथं आकडा नसतो गं, नुसता गूळ असतो. पण ती कुठं ऐकत होती? ती त्या तोंडांकडं बघत होती.

मी म्हटलं, ही नाही बसायची.

हलगी थांबली. थोरला माझ्या कानाशी आला, "आई, सगळे जमलेत. दोन मिनिटांचं काम आहे." गुरव जरा मोठ्यानंच बोलला, सगळ्यांना ऐकू जावं असा. "मावशी, नवस पोरीच्या नावाचा हाय. बोलणारी गेली. अर्धा ऱ्हायला तर त्याचा भार कुणावर येतोय, तुमाला ठावं हाय." पोरीच्याच जिवावर, ते मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मी पदर खोचला आणि त्या पारड्यात जाऊन बसले.

पारडं धाडकन खाली गेलं आणि पलीकडच्या ढेपा वर उडाल्या. आधी बाया हसल्या, मग बापे. मी म्हटलं, हसताय काय, गूळ आणा, म्हातारी लोंबकाळतीय हितं. धाकट्यानं ढेप उचलली, पुरेना. दुसरी आणली. शेवटी पोरीनं दोन्ही हातांनी एक बारकी ढेप उचलून पारड्यात ठेवली, आणि मी जरा वर आले. तिनं माझ्याकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर कायतरी हललं. गूळ वाटला, माणसं घरी गेली. गुरवानं नारळ मात्र उलट्या हातानं दिला, नवस फिटलाच नसल्यासारखा.

दिवे लागायच्या आत पोरीला ताप भरला. ओकारी काढायला पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी पडलं. थोरला इंजिनेर माणूस, सगळ्या जगाची जहाजं बांधतो, तो देवळाच्या अंगाला तोंड करून हात जोडायला लागला. काचेच्या पेटीपुढं तोच उभा राहिला होता, मी नव्हे. "सकाळी तिला बसवू आई. उचलून नेऊ. काटा तसाच आहे." मी म्हटलं, "तिच्या पोटात कवापासून अन्न न्हाई. ते देवीला दिसत न्हाई व्हय?" जीप काढून कोरेगावच्या डॉक्टरकडं नेली. त्यानं सलाईन लावलं आणि बापाला विचारलं, पोरीला उपाशी का ठेवलंत? तेव्हा मी सगळं सांगितलं, चिपाडाच्या फेऱ्या, म्हशीला घातलेली भाकरी, पाण्याचं वजन.

सकाळी घरी आणली तरी अंग तापलेलंच. मी तांदळाची पेज केली, मीठ घातलं, वाटी तिच्या शेजारी ठेवली आणि हात मागं बांधून बसले. घे म्हटलं नाही, अजून घे म्हटलं नाही. जन्मात इतकं अवघड काम मी केलेलं नाही, आत्याबाई. पेजेवर साय धरली. मग तिनं वाटी उचलली. दुपारी कपाळाला घाम सुटला आणि ताप उतरला.

ती पोरगी आता मोठी बाईमाणूस आहे. येते अधनंमधनं. कधी दोन भाकरी खाते, कधी अर्धी. मी वाढत नाही, टोपली मधे ठेवते. थोरल्यालाही तुमचाच आजार निघाला, पण तिथल्या लोकांनी वेळेवर धरला. पाय शाबूत आहेत त्याचे. म्हणून त्या देशाला शिव्या द्याव्यात असं मला वाटत नाही. नुसता आकडा मोठ्यानं वाचू नये, एवढंच माझं म्हणणं.

हे कुणाला वाचून दाखवायचं नाही, असं मी धाकटीला बजावलंय. थोरल्याला तर नाहीच. तो चारचौघांत अजून सांगतो, की माझी आई देवीपुढंसुद्धा हटली नाही. ऐकायला बरं वाटतं, मी गप राहते. पण तुमच्यापुढं कशाला लपवू? त्या सकाळी धाकट्यानं काटा उतरवायला गडी पाठवला होता. मी त्याला दारातनंच परत लावला, म्हटलं, राहू दे टांगलेला दुपारपर्यंत. आणि तिच्या भाराला पुरतील एवढ्या ढेपा मी गोणपाटाखाली झाकून ठेवल्या होत्या. ताप उतरला नसता, तर तिला उचलून मीच पारड्यात बसवली असती.

धाकटीनं इथं हात थांबवलाय आणि माझ्या तोंडाकडं बघतीय. लिही म्हटलं, लिही.