मारोतराव सरांचा विशेष

२४ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

झालं! सरांचे सगळे दगड वेगळे केले. चिखल्याच्या मँगनीज खाणीत उभी हयात भूवैज्ञानिक म्हणून काढली मारोतराव सरांनी, आणि घरात नमुने कसे — काही पलंगाखाली, काही पिठाच्या डब्यात! दिवाळीच्या रंगकामापायी सत्यवती काकूंनी देवघरासकट सगळं मागच्या खोलीत ढकललं, म्हणून मला हात घालता आला. मँगनीज वेगळं, संगमरवर वेगळा, बेसाल्ट वेगळा. घासून, धुऊन, गच्चीवर वाळत घातले. नंबर रविवारी टाकेन. एक बेसाल्ट तर रेशमी फडक्यात गुंडाळलेला, चंदनाचा वास मारत होता! वास जाईस्तोवर ब्रश मारला. नमुना म्हणजे नमुना, त्याला वास नको.

मी दहावी नापास. तुमसरात मोटार वाइंडिंगचं दुकान. पण नागपूरच्या कॉलेजवाल्यांनी येऊन पाहावं — एक दगड चुकीच्या ट्रेमध्ये दाखवा म्हणावं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दवाखान्यात सरांना पाहायला गेलो. सरांची साखर उतरत नाही. डोळे आधीच गेले, आता बोटांतली जाणीवही गेली. मला आवाजावरून ओळखलं.

"तुलाराम, माहा विशेष आन. देवघरातला. जाच्या आधी पाह्यजे."

विशेष म्हणजे काय, ते बाहेर येऊन काकूंना विचारलं. वीस वर्षं या घरी येतो, पण देवघरात कधी डोकावलो नाही.

"आमी महानुभाव हाव नं, बाप्पा. रिद्धपुरात स्वामी ज्या ओट्यावर बसले, त्याचा तुकडा हाय तो. सरायच्या पणज्यापासून चालत आला. रेशमी फडक्यात रायते."

रेशमी फडक्यात.

२७ ऑक्टोबर, रविवार

बेसाल्टचे तीसेक तुकडे. सगळे काळे, सगळे लिंबाएवढे, सगळे स्वच्छ — मीच केले! भिंगाखाली धरले. तोलले. नाकाला लावले. ओला करून जिभेलाही लावला एकेक. काही नाही! रिद्धपूरचा काय नि आर्वीचा काय, लाव्हा एकच.

एकदा मीच सरांना डिवचलं होतं — खडकाचं वय कोटीत मोजता, अन् ओट्यापुढे दंडवत घालता? हसले होते. "दगडाचं वय तू सांग, तुलाराम. त्याले कोन शिवलं, थे मी सांगतो."

मग सांगा ना, सर!

रिता म्हणते, "अजी, कोनताबी एक नेऊन द्या! मरता मानूस काय परीक्षा घेनार हाय तुमची?" ताट सारलं. बायको आहे, पण असं बोलू नये.

२८ ऑक्टोबर, सोमवार

काकूंचे फोन. उचलले नाहीत. दुकानात एक मोटार उलटी बांधली — आयुष्यात पहिल्यांदा.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

खरं सांगायलाच गेलो होतो. देवाशप्पथ — हा शब्द मी लिहितोय! पण खिशात एक बेसाल्ट होता, नव्या रेशमी फडक्यात बांधलेला. कशाला घेतला, विचारू नये.

वॉर्डाच्या दारातच काकू. "आनला नं? त्याच्यातच जीव अटकला हाय त्यायचा. कालपासून पानी नाही घेतलं."

दिला.

सरांनी दोन्ही हातांनी कपाळाला लावला. ज्या बोटांनी खडक नुसता चाचपून गाव सांगायचे, त्या बोटांना काही कळलं नाही. डोळ्यांतून पाणी. ओठ हलत होते — स्वामींचं नाव असावं. एवढ्या खोट्या दगडाला एवढं खरं दंडवत! उठलो. मागून आवाज — "तुलाराम, थांब जरा. काम हाय." थांबलो नाही. जिना उतरलो, स्कूटरची चावी लागेना.

३० ऑक्टोबर, बुधवार

नाही सहन होत. उद्या सकाळी जाऊन सांगतो. सगळे तुकडे टोपलीत घालून नेतो. यातला एक तुमचा आहे सर, कोणता ते मला ओळखता येत नाही. शिव्या देतील. देऊ देत. तोंड फिरवतील — तेही चालेल. जिवंत असेस्तोवर सांगितलं पाहिजे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सर पहाटे गेले. टोपली स्कूटरवरच राहिली.

काकूंनी ते फडकं दगडासकट माझ्या ओंजळीत ठेवलं. "त्यायले सोतासाठी नोको होता रे बाबू. तुले द्याचा होता. म्हने, पोरायले काय समजते, तुलारामजवळच जपला जाईन."