धुतलेले पॅड

मंगळवार, संध्याकाळ

खडकीच्या मैदानावर आज आमच्या हॉकी क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो, गोलकीपर आपला सलीमच राहणार. पुढच्या सीझनला फक्त एक फॉरवर्ड नवा घेतोय." मी विचारलंही नव्हतं!

मग क्लबचे पॅड धुऊन तारेवर का वाळत होते? सहा वर्षांत सलीमने ते एकदाही धुतले नाहीत. वासावरून कळायचं, गोलमध्ये कोण उभा आहे. दुसऱ्याची वस्तू माणूस परत करतानाच इतकी स्वच्छ करतो. की मीच उगाच संशय घेतोय?

घरी आलो. दिवाळीचा फराळ दिलेला आमचा डबा ओट्यावर. ही म्हणाली, "सलीम देऊन गेला. रिकामा नाही हं, पेढे घालून."

पेढे कसले, ते हिने विचारलं नाही. मी एकही खाल्ला नाही.