बिनवासाचं घर

विचुंबे, नवीन पनवेल
श्रावण, दुसरा सोमवार

ती. अक्कास,

विनायकाचा साष्टांग नमस्कार (पत्रातूनच स्वीकार, प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला शेजारच्या केतनला बोलवावं लागतं). तुझा गुडघा कसा आहे? कराडला पाऊस झाला का? परसातला गवती चहा माजला असेल. हे सगळं फोनवरच विचारणार होतो, पण पाडव्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने विचारतोय. पोस्टात साधं पाकीट मागितलं तर खिडकीतली मुलगी आधारकार्डाचं काम आहे का, पासपोर्टचं आहे का, असं विचारत बसली. बहिणीला पत्र लिहायचंय म्हटल्यावर मात्र तिने मला बसायला खुर्ची दिली.

पाडव्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो, पण तो काढल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तू कराडहून तुझ्या खात्रीचं काळं फिनेल आणलंस, सगळं घर स्वतः पुसून काढलंस, आणि त्या वासाने शोभाचा दमा उसळला. तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, तर ते मलाच रागावले. फिनेल, अ‍ॅसिड, फवारे, जे जे नाकाला लागतं ते सगळं आजच्या आज घराबाहेर, असा त्यांनी हुकूम काढला. आता तुला माझा स्वभाव माहीत आहे. आयुष्य सरकारी खात्यात गेलं, हुकूम आला की अंमलबजावणी. घरी आल्या आल्या मी तुझी बाटली उचलली आणि दाराबाहेर ठेवली. तिथे रिकामी जागा तुझ्या चपलांशेजारीच होती, त्याला मी काय करणार? पण बाटली आणि चपला अशा शेजारी शेजारी पाहून तू जे समजायचं नाही तेच समजलीस आणि दुपारच्या एसटीने निघून गेलीस. बाटली शोभाने नव्हे, मी ठेवली होती. एवढं लिहिलं आणि हलकं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. अक्का, मी चमत्कार पाहिला.

झालं असं, की फिनेल गेल्यावर घर कशाने पुसायचं हा प्रश्न आला, आणि आमच्या चिरंजीवांनी, अपूर्वने, बंगळुरूहून फडक्यांचा एक गठ्ठा पाठवला. मी हसलो. फडकं विकत घ्यायचं ही कल्पनाच आपल्या घराण्यात नाही. आपल्याकडे बनियन निवृत्त होतं आणि मग फडकं म्हणून त्याची खरी नोकरी सुरू होते. ही तर नवी कोरी, मांजराच्या पोटासारखी मऊ फडकी, आणि नाव मायक्रोफायबर. अपूर्व म्हणाला, नुसत्या पाण्यात ओलं करा, घट्ट पिळा आणि पुसा. यात औषध कोणतं घालायचं, असं मी तीन-तीनदा विचारलं. औषध नाहीच म्हणे. फार चिकट असेल तिथे थेंबभर साबण, बाकी पाणी.

परीक्षा म्हणून हॉलच्या खिडकीपासून सुरुवात केली. ती खिडकी तुला आठवत असेल. तिच्यातून कर्नाळ्याचा सुळका दिसेल असं बिल्डरने सांगितलं होतं आणि तो काही दिसत नव्हता. प्रदूषण, खडीचे डंपर, विमानतळाचं काम, या सगळ्यांना मी आजवर त्याबद्दल शिव्या घातल्या (सोसायटीच्या सभेत तर या विषयावर माझं भाषणही झालंय). फडकं ओलं केलं, पिळलं, काचेवरून एकदा फिरवलं, आणि समोर सुळका उभा! श्रावणातला, हिरवागार, अंगठा वर केल्यासारखा. म्हणजे तो डोंगर इतकी वर्षं तिथेच होता आणि झाकलेली होती ती आमची काच. मी फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. शोभाला हाक मारली. तीही उभी राहिली. आम्ही दोघं बराच वेळ आमच्याच खिडकीतून बाहेर बघत होतो.

मग मला थांबवणं कोणालाच शक्य झालं नाही. पंखे पुसले, टीव्ही पुसला, लिफ्टमधला आरसा पुसला (तो सोसायटीचा आहे, पण राहवेना). भिंग घेऊन त्या फडक्याचा पोत पाहिला. त्याचे धागे म्हणे आपल्या केसाहूनही कितीतरी बारीक असतात, भिंगातूनसुद्धा नीट दिसत नाहीत, आणि तेच धूळ धरून ठेवतात. आपलं बनियन धूळ इकडची तिकडे नेतं, हे मात्र तिला घेऊन येतं. बादलीत पिळल्यावर जे पाणी निघालं ते मी शोभाला बादलीसकट नेऊन दाखवलं. शोभा रोज झाडून-पुसून काढते ते हे घर, आणि तरी इतकं सगळं आपल्या श्वासात होतं! परवा भाजी निवडताना शोभा गुणगुणत होती, अक्का. पाडव्यानंतर तिला बोलायलासुद्धा दम पुरत नव्हता, आणि आता गाण्याइतका उरायला लागला आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात पाणी प्यायचं निमित्त करून उभा राहिलो आणि पूर्ण गाणं ऐकलं.

पण जगात शंकेखोर लोक असतातच. आमच्या खाली चंद्रावतीकाकी राहतात (या इमारतीची मूळ जमीन त्यांची, त्यांच्या भाताच्या खाचरावर आमचा तिसरा मजला उभा आहे, याची त्या अधूनमधून आठवण करून देतात). त्या आल्या, दारात थांबल्या आणि नाकाने दोनदा हवा ओढून म्हणाल्या, "शोभाबाय, आज लादी पुसली नाय का गो?" शोभा म्हणाली, आत्ताच पुसली. काकींनी मान हलवली. "वास कुठं हाय? वास नाय म्हंजे साफ नाय." मला त्या क्षणी तुझी फार आठवण आली, कारण तू अगदी हेच म्हणाली असतीस, फक्त कराडच्या मराठीत. आपण लहानपणापासून स्वच्छता नाकाने मोजत आलो. पाहुण्याने पायरी चढताच वास यावा आणि त्याने म्हणावं, वा, घर कसं लखलखीत आहे. डोळे उघडून कुणी बघतच नाही.

काकींनी मग एक फडकं परीक्षेला नेलं. त्याच दिवशी त्यांच्याकडे करंजा बंदरावरून ताजी मासळी आली होती, आणि मासळी साफ केल्यावर त्यांचा ओटा कसा होतो हे आमच्या जिन्याला ठाऊक आहे. त्यांनी लिंबू, थोडं गरम पाणी आणि ते फडकं एवढ्यावर ओटा काढला. संध्याकाळी वर आल्या त्या तावातावाने. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर म्हणाल्या, "आमी उभा जल्म सोड्याचं पानी घालून हात सोलले. ह्यो फडका हाय का देव हाय?" फडकं मात्र त्यांनी परत दिलं नाही. मी मागितलंही नाही, कारण मासळीच्या ओट्यावरून आलेलं फडकं घेऊन मी करणार काय?

आणि आता जे सांगतो ते ऐकून तू खूश होशील. ही फडकी चार रंगांची असतात आणि कोणत्या रंगाने काय पुसायचं ते ठरवून घ्यायचं असतं. एका जागेचं फडकं दुसऱ्या जागेला चुकूनही लावायचं नाही. धुवायचीही इतर कपड्यांपासून वेगळी, आणि ते मऊ करायचं सुगंधी पाणी घालायचं नाही, त्याने धागे लिंपले जातात. हे वाचलं आणि मी थक्क झालो. अक्का, हे तुझं सोवळं आहे! तू आयुष्यभर जे आम्हाला ओरडून सांगितलंस ते कुठल्याशा परदेशी कारखान्याने चार रंगांत विणून विकायला काढलं आहे. रंगांची वाटणी मी शास्त्रशुद्ध केली. लाल देवांना (कुंकवाचा रंग, यात दुमत नसावं), पिवळा स्वयंपाकघराला (हळद), हिरवा शोभाच्या कपाटाला (चुडा) आणि निळा संडास-बाथरूमला, कारण तिथे टाकायचं ते औषधही निळंच असायचं. रोज सकाळी दोरीवरचं वाळलेलं लाल फडकं घेऊन मी देव पुसतो. आपला बाळकृष्ण असा चमकतो की त्याच्या गालात मला माझं टक्कल दिसतं.

तेव्हा आता गौरींना ये. दरवर्षी चतुर्थीच्या आधी तू येतेस, गौरींना साडी तू नेसवतेस, पुरणाचा कट तूच करतेस. तुझ्याशिवाय गौरी आमच्याकडे उभ्या राहतील की नाही शंका आहे. एकदा ये आणि डोळ्यांनी बघ. घराला कसलाही वास नाही, आणि तरी ते स्वच्छ आहे. गुडघ्यासाठी लिफ्ट आहे, आणि ती बंद पडली तर केतन आहे.

तुझा धाकटा,
विनायक

ता. क. बरं, खरं सांगतो. काल अपूर्व आणि आपली सूनबाई कादंबरी व्हिडिओवर होते. कादंबरी म्हणाली, बाबा, देव दाखवा ना. मी कौतुकाने फोन देव्हाऱ्याकडे नेला. बाळकृष्णाशेजारी घडी घातलेलं लाल फडकं पाहून तिने तोंडावर हात ठेवला आणि अपूर्व इतका हसला की फोनच बंद पडला. मग त्याने लिहून पाठवलं, लाल संडासासाठी असतं! गठ्ठ्यातल्या चिठ्ठीत तसंच लिहिलंय म्हणे. ती चिठ्ठी शोभाने वाचली होती आणि ती पहिल्या दिवसापासून चिठ्ठीप्रमाणेच पुसते आहे. मी माझ्या शास्त्राने, ती चिठ्ठीच्या शास्त्राने, आणि दोघांची फडकी धुऊन एकाच बाल्कनीत! मी रोज दोरीवरून जे लाल उचलत होतो ते कुठून आलेलं होतं, या विचाराने जेवण जात नाही. देव सकाळपासून चिंचेत आहेत.

दुसरा ता. क. याचं प्रायश्चित्त काय? इथल्या भटजींना विचारलं तर आरतीच्या आत सगळ्या विचुंब्याला कळेल. आपल्या घरात सोवळं समजणारी तू एकटीच. फोन तू उचलत नाहीस, आणि हे कागदावर लिहून पाठवण्यासारखं उत्तर नाही, म्हणून ये आणि माझ्या कानात सांग. शोभाला यातलं काही माहीत नाही. ती फार मनाला लावून घेईल आणि पुन्हा तिचा श्वास चढेल. तिला कळू देऊ नकोस.

ती. अक्का,

शोभाचा नमस्कार. यांनी पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आणि वाचू नकोस असं बजावलं, म्हणून चहाच्या आधणावर धरून उघडलं.

देवांना काहीही झालेलं नाही. यांनी लाल फडकं देव्हाऱ्यात ठेवलेलं मी पहिल्याच दिवशी पाहिलं. यांना सांगून उपयोग नसतो, म्हणून माझ्या लाल फडक्याचा खूण म्हणून एक कोपरा कापून टाकला आणि ते संडासाच्या खिडकीच्या गजावर वाळत घालते. ते बाल्कनीतल्या दोरीवर कधी आलेलंच नाही.

मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात मोरीचं फडकं ओट्याच्या फडक्याशेजारी वाळत घातलं होतं, आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला बोलला होतात. इतकी वर्षं मला त्याचा राग होता (अजूनही थोडा आहे). पण तेव्हापासून या बाबतीत माझा हात चुकलेला नाही. देव त्यामुळे वाचले.

यांना हे मी अजून सांगितलेलं नाही. चिंच लावलेले देव चांगले उजळताहेत. तुम्ही येईपर्यंत चालू दे.

पाडव्याला तुम्ही निघालात तेव्हा माझ्या तोंडाला औषधाच्या वाफेचा मास्क होता. दार लागल्याचं ऐकू आलं, पण उठता आलं नाही, आणि "पुन्हा या" म्हणायचं राहून गेलं. ते आता श्वास आहे तर लिहिते. अक्का, या.