भागीरथाचं रीळ

मी गिरिधर तुकाराम गोतमारे, वय ऐंशी, राहणार सक्करदरा, नागपूर, सरकारी प्रचार पथकातला सेवानिवृत्त फिल्म ऑपरेटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या मर्जीनं लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण कलम चार वाचून म्हाताऱ्याला भ्रम झाला असं माझी मुलगी चारुशीला म्हणेल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. सक्करदऱ्याचं दोन खोल्यांचं घर, मागच्या लिंबासह, माझ्या पश्चात चारुशीलाचं. बँकेत जे असेल तेही तिचंच.

कलम २. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, फिल्म जोडायचं यंत्र आणि पडदा नातू केयूर यास. प्रोजेक्टर बैठकीत मांडून त्यावर फुलदाणी ठेवल्यास हे कलम रद्द समजावं.

कलम ३. माझ्या पलंगाखालच्या लोखंडी पेटीत फिल्मचा एक डबा आहे. त्याची हकीकत लिहिल्याशिवाय तो कुणाला देता येत नाही, म्हणून लिहितो.

एकाहत्तरच्या लढाईत आमचं पथक गावोगाव पडदा लावून लढाईच्या फिल्मा दाखवत असे. त्याच डिसेंबरात पथकानं स्वतःचीही एक काढली, बारा मिनिटांची. साहेबांना शहीद जवानाची बायको हवी होती, कुंकू पुसून मंगळसूत्र संरक्षण निधीत टाकणारी. खरी विधवा कॅमेऱ्यापुढं यायला तयार होईना. कशी होईल? मी पुढं पुढं करत म्हणालो, माझी बहीण करेल की.

धाकटी बहीण भागीरथा तेव्हा बावीस वर्षांची, माहेरी आलेली. नवरा भैयाजी रेवतकर फौजेत, सीमेवर. महिनाभर त्याचं पत्र नव्हतं.

"दादा, ते जिते हायेत ना गा! मी कुंकू काहून पुसू?"

"अवं, नाटक आहे ते. दोन मिनिटांचं काम. साहेबापुढं माझी इज्जत जाऊन राहिली."

तिनं पुसलं. देशासाठी नाही, माझ्यासाठी पुसलं.

पुढचा शहाणपणाही माझाच. जानेवारीत ती सासरी परतली आणि फेब्रुवारीत आमची गाडी काटोलकडच्या तिच्या सासरच्या गावी गेली. मी शाळेच्या भिंतीवर पडदा लावला. सून फिल्ममध्ये दिसली की सासू हरखून जाईल असं मला वाटलं होतं, इतका मी गाढव! भागीरथा घरी रांधत होती. पडद्यावर तिनं कपाळावर हात फिरवला आणि पुढ्यात बसलेली तिची सासू ताडकन उठली. "जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं इनं!" सकाळी भागीरथा तिच्या पेटीसह आमच्याच गाडीत बसून नागपूरला आली. पंधरा दिवसांनी भैयाजी लढाईवरून परतला, धडधाकट. पण आईपुढं त्याचं तोंड उघडलं नाही. सोडचिठ्ठी झाली नाही. दुसरं लग्न त्यानं केलं नाही आणि हिनंही नाही.

माझी बायको लवकर गेली. चारुशीलाला भागीरथानंच वाढवलं. शेहेचाळीस वर्षं ती या घरात राहिली आणि रोज सकाळी रुपयाएवढं कुंकू लावत राहिली. मोहल्ल्यातल्या बाया हसत, ती त्यांच्याकडं बघतही नसे.

तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "मले एकदा दाखव ना गा ते. बाविसाव्या वर्षी मी कशी दिसत होती, पाहू तर दे." मी सांगितलं, गोदामाला आग लागली, जळालं. तरी दोनचार वर्षांनी पुन्हा विचारायची, हसायची. "भाऊ ऑपरेटर, अन् बहिणीले एक खेळ फुकट नाही!" डबा मीच गोदामातून उचलून आणला होता, तो माझ्या पलंगाखाली होता. तो पाहून ती माझ्या तोंडावर थुंकेल अशी भीती मला होती. ती थुंकली नसती. आज मला हेच सहन होत नाही. २०१८ साली ती गेली, न पाहता.

कलम ४. लढाईच्या काळातल्या प्रचारफिल्मा एक फिल्म-संग्रहालय आता इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या करत आहे. केयूरनं मोबाईलवर वाचून दाखवलं. ज्यांत शत्रूबद्दल गलिच्छ भाषा आहे किंवा माणसांकडून खोटं करवून घेतलं आहे, त्या फिल्मा नाजूक म्हणून घरच्यांच्या संमतीशिवाय उघडत नाहीत. माझ्या डब्याला सिरक्यासारखा आंबट वास येऊ लागला आहे. इतकी वर्षं ती लावायची माझी हिंमत झाली नाही, आता फिल्म आकसली, माझ्या यंत्रावर चढत नाही. वर्ष-दोन वर्षांत चुरा होईल, असं तिथले लोक सांगतात. त्यांच्याकडं ती संगणकावर उतरवून घेता येते. दुसरी प्रत कुठंही नाही.

हा डबा मी संग्रहालयास देत आहे. कात्री लावू नये. तिच्यातही शत्रूबद्दल गलिच्छ भाषा आहे, ती राहू द्यावी. मीच ती कर्ण्यावरून गावोगाव ऐकवली, आता लोकांनी ऐकावं आम्ही काय करत होतो ते. फिल्मखाली ठळक लिहावं: हे दृश्य बनावट आहे, ही बाई विधवा नव्हती, भावाच्या सांगण्यावरून तिनं हे केलं. भावाचं नाव लिहावं.

चारुशीला म्हणते, "बाबा, आत्याले आता साऱ्या दुनियेपुढं काहून आणून राहिले? लोक काहीबाही लिहितील." लिहितील बाई. तुझं चुकत नाही. पण त्या गावानं पन्नास वर्षं तिला कुलक्षणी म्हटलं, ते कोण पुसणार? शिवाय माझा स्वार्थही आहे, लपवत नाही. तिचा एकही फोटो घरात नाही, काढूच देत नसे. मला ती पाहायची आहे. चालताना, पदर सावरताना, आणखी एकदा पाहायची आहे. फार आठवण येते तिची.

कलम ५. संमती देण्याचा हक्क मला नाही, नवऱ्याला आहे. भैयाजीवरचा राग मी पन्नास वर्षं जपला. स्वतःवर रागावण्यापेक्षा ते सोपं होतं. भागीरथा गेली त्या दिवशी सवाष्णीला शेवटचं कुंकू लावायला तो आला होता, पुडी घेऊन. मी दारातच अडवलं. "आता काहून आले? जा." पुडी पायरीवर ठेवून तो गेला. ते कुंकू मी तिच्या कपाळी लावलं, पण त्याला कधी कळवलं नाही. आज इथं कळवतो. राग संपला.

मागच्या आठवड्यात केयूरच्या हाती निरोप धाडला. उत्तर आलं नाही, तो स्वतः आला. सकाळी दहापासून बाहेरच्या खोलीत बसला आहे, चहाला हात लावला नाही. या मृत्युपत्रातून त्याला काही मिळत नाही, म्हणून साक्षीला चालतो. वरचा सगळा मजकूर मी त्याला वाचायला देणार आहे. त्यानं नाही म्हटलं तर डबा संग्रहालयात बंदच राहावा. मी न पाहता जाईन, तिच्यासारखाच. तक्रार नाही.

ठिकाण: सक्करदरा, नागपूर. दिनांक १६ नोव्हेंबर २०२५.

सही: गिरिधर तुकाराम गोतमारे

गिरिधरभाऊंनी आम्हा दोघांदेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली.

साक्षीदार १: धम्मानंद मेंढे, वय ७१, शेजारी, कोराडी वीज केंद्रातून सेवानिवृत्त. सही.

साक्षीदार २: भैयाजी कृष्णाजी रेवतकर, वय ८२. सही. फिल्म खुली करा. खाली तिचं नाव पुरं लिहा: सौ. भागीरथा भैयाजी रेवतकर.