मी बोलले की नेट जातं

२ सप्टें. ०७, रवि.
राउटरचे चारही दिवे हिरवे. दिवसातून दहा वेळा जाऊन बघते. कोणी पाहिलं तर म्हणेल, बाईला काहीतरी लागलंय. लागलंच आहे. परवा सकाळी सहाला पहिला तास. मी वर्ध्यात, विद्यार्थिनी अमेरिकेत, विषय अपूर्णांक. बंगलोरच्या शिकवणीवाल्यांनी तीन चाचणी तास दिलेत : मं., गु., श. मुख्य अट एकच, तास मध्येच तुटायला नको. जमलं तर रोजचे दोन तास माझे. बेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी. बी.एड.चं सर्टिफिकेट ट्रंकेतून काढून उन्हात ठेवलं, वास येत होता.

नि.चा पुण्याहून रविवारचा फोन. हॉस्टेलला गेल्यापासून एकही रविवार चुकवला नाही पोराने. हल्ली अर्धा वेळ मला इंग्रजीत बोलायला लावतो. म्हणे, "आई, एवढी ओरडू नको, अमेरिकेला तसंच ऐकू जाईल."

४ सप्टें., मं.
तास झाला. झाला म्हणजे... तीन तुकड्यांत झाला.

एमिली, सहावीत, दातांना तार. मी "गुड इव्हनिंग, कॅन यू हिअर मी" म्हणते न म्हणते तो तिसरा दिवा लुकलुकायला लागला. नेट गायब. तीन मिनिटांनी आलं. पुन्हा सुरू केलं, पाचव्या मिनिटाला पुन्हा तेच. पण त्यानंतरची पंचवीस मिनिटं, काय सांगू. पोळीचे चार तुकडे करून कॅमेऱ्यापुढे धरले. ती हसली, तिला कळलं. 

बंगलोरची मेल : पहिली वेळ म्हणून सोडून देतो, लाइन बघून घ्या.

हे जाम गावाला दुकानात निघता निघता म्हणाले, "तुह्या इंग्रजीले घाबरलं असंन ते." हसू आलं, दाखवलं नाही.

५ सप्टें., बु.
आज तास नाही, पण सुट्टीवर नाही, शोधकामावर आहे.

राउटर कपाटावर ठेवून पाहिला. इन्व्हर्टरवर लावला. सगळ्या पिना काढून, पुसून परत बसवल्या. कस्टमर केअरची मुलगी एकच सांगते, बंद करा, दोन मिनिटं थांबा, चालू करा. सहा वेळा केलं. दुपारी गुमान बसून अडीच तास एक भलीमोठी फाइल उतरवली. एकदाही गेलं नाही. मग उद्याचा तास मोठ्याने बोलून बघायला घेतला, चौथ्या वाक्याला गेलं.

पुन्हा केलं. गप्प, अर्धा तास ठीक. बोलले, गेलं. वहीत दोन रकाने आखले, गप्प आणि बोलणं. बोलण्याच्या रकान्यात पाचपैकी चार फुल्या. गणिताच्या बाईला याहून काय पाहिजे. शोध लागल्यासारखं घरभर फिरले, पण शोध काय लागला ते सांगता येईना. नि.ला मेल केली. उत्तर : "आई, राउटरला कान नसतात."

६ सप्टें., गु.
आज कुजबुजत शिकवलं. चाळीस मिनिटं एकही फुली नाही. एमिलीने तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांशाची बेरीज एकटीने केली, आणि मी विसरले. "शाब्बास" मराठीतच निघालं, मोठ्याने, मग इंग्रजीत तिचं कौतुक. अर्ध्या मिनिटात दिवा गेला. आलं तोवर तास संपलेला.

मेल : शनिवारी तुटला तर पुढे विचार करता येणार नाही.

राग आला. राउटरचा, बंगलोरचा, माझ्या घशाचा. टेलिफोन ऑफिसात स्वतः जाऊन उभी राहिले. लाइनमन उद्या येतो म्हणाला.

७ सप्टें., शु.
सापडलं. आधी सापडलं ते लिहिते, बाकीचं नंतर.

लाइनमन म्हातारा, शांत. भिंतीवरच्या फोनच्या डबीचं झाकण उघडलं आणि विचारलं, "मॅडम, ही दुसरी तार कुठं जाऊन राह्यली?" ती जुनी, म्हटलं. सासऱ्यांच्या वेळचं एकच कनेक्शन, मधल्या दाराच्या चौकटीवरून पलीकडे व.ताईंच्या घरात गेलेलं. तिकडच्या फोनची घंटी बिघडून जमाना झाला, आम्ही तो मेलेलाच समजतो.

त्याने आपला फोन तारेला लावून कानाला धरला. "आता बोला तुम्ही, तासाला बोलता तसं." बोलले. मिनिटभराने त्याने हात वर केला. "कोनीतरी उचललं जी तिकडून. श्वास ऐकू येते." दिवा लुकलुकत होता.

एवढंच. फोन आणि नेट वेगळं ठेवणारा फिल्टर माझ्या फोनला आहे, तिकडच्याला नाही. तिकडे कोणी उचललं की इकडे नेट जातं. काडेपेटीएवढी फिल्टरची डबी हातात दिली. "त्या फोनाले हे लावा, दोन्ही चालतात. नाई तर तार कापून टाका, झगडाच नाई."

तो गेल्यावर खुर्चीत बसले.

व.ताई माझी थोरली जाऊ. भाऊजी गेले, मूल नाही. मी बी.एड. करत होते तेव्हा नि.ला न्हाऊमाखू तिनेच घातलं. दोन वर्षांपूर्वी तो पुण्याला निघाला तेव्हा ती म्हणाली, एवढ्या दूर नको. मी म्हटलं, मुलगा माझा आहे, माझं मी बघीन. त्यानंतर बोलणं नाही. हे जातात, सिलिंडर वगैरे बघतात. मी नाही.

म्हणजे दोन वर्षं रविवारी नि.चा आवाज मध्येच एकदम बारीक व्हायचा, तो पुण्याच्या लाइनचा दोष नव्हता, तिने उचललेलं असायचं.

आणि मी काय काय बोलले आहे त्या फोनवर. तिच्या हाताला चव नाही. तिने तुला लाडावून ठेवलं. तिची नजर पहिल्यापासून माझ्या पोरावर. सगळं ऐकून ती पुढच्या रविवारी पुन्हा उचलायची. कान गरम झाले, आत्ता लिहितानाही होताहेत.

यांना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाले, "वहिनी कधी बोलली नाई." मग, "काप ना तार, उद्या तुहा तास हाय."

७, संध्या.
पक्कड घेतली होती. ठेवली. फिल्टर घेऊन तिच्या पुढच्या दाराशी गेले.

अर्धं दार उघडलं. केस किती पांढरे झालेत. मी उभ्या उभ्या राउटर, तास, शनिवार, सगळं ओकले. ती ऐकत होती.
"मह्यानं जाते का ते?"
"हो."
"भितीतून तुहा आवाज येते. मले वाटलं पोराचा फोन आला. इंग्रजी तू त्याच्यासंगच बोलते. घंटी तं वाजत नाई इकडे." मग, "या आठोड्यात सकाळी सकाळीच बोलू लागली. म्हटलं पोराले काही झालं का. उचललं तं नुसता आवाज, टूं करून. बरा हाय ना तो?"
"बरा आहे."
"मंगळवारपासून झोप नाई मले."

आत गेली. परत आली तेव्हा फोन होता हातात, वायर त्याच्याभोवती नीट गुंडाळलेली. "घे. तुही शाळा चालू दे." दार लागलं.

फिल्टर माझ्या मुठीतच. हा लावला की दोन्ही चालतं, एवढं एक वाक्य होतं. निघालं नाही. खरं लिहायचं तर मी निघू दिलं नाही. फोनच नसला की उद्याची खात्री, असं मनात आलं होतं.

८ सप्टें., श.
एक तास. सलग साठ मिनिटं. चार हिरवे दिवे आणि माझा हा भसाडा आवाज.

एमिलीने शेवटी वही कॅमेऱ्यापुढे धरली, दहापैकी नऊ. तिची आई मागून डोकावून "थँक यू, टीचर" म्हणाली. टीचर. तास संपल्यावर स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले, मग रडले, मग कांदेपोहे केले. यांनी दोनदा घेतले. निकाल सोम.पर्यंत कळवणार.

पलीकडे दिवसभर नळाचासुद्धा आवाज नाही.

९ सप्टें., रवि.
दहाला नि.चा फोन. आवाज इतका स्वच्छ की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. त्याच्या परीक्षा, मेसचं वरण, सगळं शब्द न् शब्द आलं. मी तासाचं सांगितलं, तो ओरडला आनंदाने. आणि मी वाट बघत बसले, आवाज आता बारीक होईल, आता होईल.

"आई, आहेस ना?"

मग सांगितलं त्याला. तार, फोन, दोन वर्षं. मी त्या फोनवर काय बोलायचे ते त्याला सांगायची गरज नव्हती.  तो म्हणाला, "मोठी आई जेवते का नीट?" लहानपणी तिला मोठी आई म्हणायचा, माझ्यासमोर बंद केलं होतं.

पाचला परत फोन कर, तिच्याशी बोलायला, म्हटलं त्याला.

बंगलोरची मेल नाही. दोनदा बघितली, आता बघत नाही. पावणेपाच झालेत. तिचा फोन, फिल्टर आणि पेचकस पिशवीत घातलेत. त्या बोलण्याची माफी कशी मागायची ते माहीत नाही, तालीम करून बघितली, जमत नाही. दार उघडलं नाही तर पायरीवर बसून राहीन. जाते.